रूथच्या हातचं कारलं

रविवार, १० सप्टेंबर १९९५. नगर. हजर: बाबा, वय सत्त्याहत्तर, मी, माझे मिस्टर, माझी धाकटी बहीण रूथ, पुण्याहून सकाळच्या एसटीने. गैरहजर: आई, ती तीन वर्षांपूर्वी गेली. जेवण: भात, आणि चिनी पद्धतीने परतलेलं मोठ्याचं मटण, कारलं घालून.

एवढंच माझ्या वहीत आहे. मी मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा यादी करते, मग चूळ भरते. किती मुली घरी गेल्या, किती आजारी, किती भाकरी, कोणत्या खोलीचा दिवा गेलाय. घरातही तीच सवय. पाहुणे आले की कोण आलं, काय केलं, काय उरलं, कुणाला काय आवडलं, असं पानभर लिहून ठेवते. त्या रविवारच्या पानावर मात्र वर दिलेल्या ओळींच्या पुढे काही नाही. काय उरलं ते लिहिलेलं नाही, आणि कुणाला काय आवडलं तेही नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. यंदा क्वार्टरच्या तारेच्या कुंपणावर कारल्याचा वेल आपला आपण आला. मी बी टाकलेलं नाही. मागच्या वर्षीचं एखादं कारलं पिकून, नारिंगी होऊन फुटलं असेल आणि त्याच्या लाल बिया तिथेच पडल्या असतील. आमच्याकडे श्रावण नुसता भुरभुरतो. खरा पाऊस येतो तो भाद्रपदात, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, पूर्वेकडून आभाळ भरून. मग आठ दिवसांत वेल तारेच्या वर चढतो. सकाळी वाळत घालायचे कपडे घेऊन गेले की ओल्या पानांना हात लागतो आणि हाताला तो वास राहतो, हिरवा, कडवट, औषधाच्या बाटलीच्या बुचासारखा. चहाच्या कपाला तो वास, भाकरीच्या पिठाला तो वास. गेली चार वर्षं त्या वासाबरोबर मला रूथ आठवते.

सरळ लिहिते. मला माझ्या बहिणीचा मत्सर वाटतो. हेवा हा शब्द मी दोनदा लिहून खोडला. हेवा दुसऱ्याच्या साडीचा, दुसऱ्याच्या घराच्या गच्चीचा वाटतो आणि दोन दिवसांत जातो. हे तसं नाही.

रूथ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. पुण्यात कॅम्पात एका चिनी दंतवैद्याच्या दवाखान्यात ती मदतनीस आहे. नंबर लावणं, हत्यारं उकळणं, घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं. दवाखाना पुढे आणि डॉक्टरांचं बिऱ्हाड मागे. मधे एक पडदा. दुपारी पेशंट नसले की डॉक्टरीणबाई पडदा सारून तिला जेवायला बोलावायच्या. ती माणसं तीन पिढ्यांची पुणेकर. डॉक्टरीणबाई भाजीवाल्याशी अस्सल मराठीत घासाघीस करतात, असं रूथ सांगायची. पण स्वयंपाक त्यांच्या आजीचा. तिथे रूथ ते सगळं शिकली, कुठेही लिहून न घेता. माझी बहीण कधीच काही लिहून घेत नाही. तिला पत्ते आठवत नाहीत, वाढदिवस आठवत नाहीत, छत्री तर दर पावसाळ्यात नवी. तरी ती दारात आली की घर उजळतं. मी रोज त्याच दारातून येते.

बाबा शाळेत शिपाई होते. छत्तीस वर्षं त्यांनी घंटा दिली. निवृत्त झाल्यावर आई आणि ते माझ्याकडे राहायला आले. लेकीच्या घरी आईबापांनी राहायचं म्हणजे नातेवाइकांत कुजबुज झाली, ती मी आणि ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. पुढे बाबांचे दात एकेक करून गेले. शेवटचा दात पडला तेव्हापासून त्यांचं जेवण मी वेगळं करत होते. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात कुस्करायचा. भाजी पळीने घोटायची. रविवारचं मटण चर्चमध्ये उपासनेला जाण्याआधी कुकरला लावायचं, सहा शिट्ट्या, परत आल्यावर आणखी दोन, मग त्यांच्या वाटणीचं बोटांनी उकलून धाग्याधाग्याचं करायचं. हे सगळं मी कुणाला करू दिलं नाही. ते निमूट जेवायचे. जेवण झालं की ताटाला हात लावून तो कपाळाला लावायचे. अकरा वर्षांत त्यांनी कधी नाव ठेवलं नाही आणि कधी काही मागितलंही नाही. मला वाटायचं, हेच समाधान.

१९९५ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंत रूथ त्यांना तीनदा पुण्याला घेऊन गेली. आधी कवळीचं माप, मग मेणात बसवलेले दात लावून बघणं, शेवटी कवळी. तिसऱ्या वेळी बाबा परत आले ते मला ओळखू आले नाहीत. गाल भरलेले, हनुवटी खाली आलेली, आणि हसले तर दातांची पांढरी ओळ. शेजारच्या बाईंनी तर ह्यांना विचारलं, पाहुणे कोण आलेत. हे म्हणाले, सासरे बदलून आणले, जुने फार बोलत नव्हते.

आणि खरंच बाबा बोलायला लागले होते. पेरू चावून खायचे आणि बोलायचे. फुटाणे खायचे आणि बोलायचे. सगळं पुण्याबद्दल. त्या घरी टेबल गोल आहे. मधे एकच भांडं ठेवतात आणि सगळे त्यातून काड्यांनी उचलतात. चहा बिनदुधाचा देतात, पण वाईट लागत नाही. कवळी बसवली त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्याच्या आत नेलं आणि म्हणाल्या, दात इथेच तपासा. मोठ्याच्या पातळ चकत्या आणि कारलं, लोखंडी कढईत धुरावर परतलेलं. त्यांच्याकडे कारल्याला कू-ग्वा म्हणतात, एवढंही बाबांनी पाठ करून आणलं होतं.

मी त्यांच्या पुढ्यात कुस्करलेली भाकरी ठेवत होते. सवयीने. ते म्हणाले, “सुशे, कारलं कडूच ठिवत्यात ती लोकं. पिळीत न्हाईत. आधी कडू लागतं, मग लई येळानं गोड.”

मी कारलं मीठ लावून तासभर ठेवते, घट्ट पिळते, मग चिंच, गूळ, दाण्याचं कूट. आईची पद्धत. आईच्या हातचं ते कारलं बाबा चाळीस वर्षं खात आले होते. मी म्हटलं, असेल. आणि ताटली उचलून आत नेली, ते जेवायचे होते तरी.

त्याच आठवड्यात रूथचा वसतिगृहाच्या ऑफिसात फोन आला. येत्या रविवारी ती येणार होती आणि नगरच्या घरात, स्वतःच्या हाताने ते कारलं करून बाबांना घालणार होती. मला तिने सामान सांगितलं. सोयाबीनचा काळा सॉस ती आणणार होती, शिवाय डॉक्टरीणबाईंकडे कलकत्त्याहून येणारे सोयाबीनचेच खारवलेले काळे दाणे. मी आणायचं ते लसूण, आलं, कॉर्नफ्लॉवर, कारली आणि मटण. “अंडरकटच आण, ताई. दुसरं कुठलंच नको. आदल्या दिवशी सांगून ठेव.” हे तिने दोनदा सांगितलं. मग म्हणाली, “आणि त्या दिवशी बाबांना विचारणार आहे. माझ्याकडे येता का म्हणून. कायमचं. दोन खोल्यांची जागा मिळालीय मला. तुझी हरकत नाही ना?”

मी म्हटलं, मला कसली हरकत.

फोन ठेवून मी यादी लिहिली. तिच्यात अंडरकट सगळ्यात वर होतं आणि त्याखाली मी रेघ मारली होती. ज्यांच्याकडे मोठ्याचं, म्हणजे बैला-म्हशीचं मटण, होत नाही त्यांच्यासाठी सांगते: कण्याच्या आतल्या अंगाला दोन लांबट पट्ट्या असतात. जनावर ओढतं, चालतं, उठतं-बसतं, पण त्या मांसाला काही काम पडत नाही, म्हणून ते लोण्यासारखं राहतं. दोन मिनिटांत शिजतं. बाकीचं सारं अंग राबलेलं असतं, त्याला कुकर लागतो. आमच्याकडे अंडरकट कुणी नेत नाही, ते हॉटेलांकडे जातं. आम्ही मांडी नेतो, नळी नेतो आणि शिट्ट्या मोजतो.

शनिवारी हमीदचाचांना सांगून ठेवलं. रविवारी सकाळी सातला गेले. चाचांनी पट्टी कागदात बांधून बाजूला ठेवली होती. त्यांनी पुडकं माझ्यापुढे केलं.

मी म्हटलं, “हे राहू द्या. मांडीचं द्या. पातळ चकत्या करूनच द्या.”

“तळाया म्हणला हुता ना बाई? मांडीची चप्पल होईल.”

“होऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुरी घासली आणि मांडीच्या चकत्या केल्या, इतक्या सुंदर, इतक्या सारख्या, की कापलेलं बघून कुणालाही कळलं नसतं की हे काय आहे. तेच मला हवं होतं. जाताना मी काही ठरवलं नव्हतं असं लिहावंसं वाटतं. पण ठरवल्याशिवाय मी दुकानातून काडीपेटीसुद्धा आणत नाही.

उपासनेत मी रूथच्या शेजारी बसले होते. ती गाणं म्हणत होती, तिचा आवाज चांगला आहे. बाबा पलीकडे, पुरुषांच्या बाजूला, नव्या दातांनी मोठ्याने म्हणत होते. माझ्या हातांना मांसाचा वास येतोय असं मला सारखं वाटत होतं. घरी साबणाने दोनदा धुतले होते.

आता ती दुपार. मला ती तुकड्यातुकड्यांनीच आठवते.

रूथला मोठी आच हवी होती. आमच्या गॅसची ज्योत तिला पुरेना. तिने माळ्यावरचा पंपाचा स्टो काढायला लावला. तो तिथे आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं, आणि माझ्या घरातली एखादी वस्तू माझ्या लक्षात नाही असं होत नाही. वॉशर वाळलेला. बाबांनी तो तेलात भिजवला, पिन मारली, हवा भरायला बसले. इतक्या वर्षांत बाबा माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते, पाणी हवं तरी बाहेरून हाक मारायचे. आता मांडी घालून फरशीवर बसले होते, स्टो गर्जत होता, निळी ज्योत कढईचं बूड चाटत होती आणि रूथ त्यांना ओरडून सांगत होती, अजून मारा बाबा, अजून. ते हसत होते. हे दारात उभं राहून म्हणाले, दोघं मिळून विमान उडवणार की काय.

मी लसूण सोलत होते.

रूथने कारली उभी चिरली, बिया काढल्या, अर्धचंद्र केले. मी सवयीने मिठाची बरणी पुढे केली. तिने माझा हात हलकेच बाजूला सारला. “पिळू नकोस ना ताई. कडू राहू दे.” तिने ते उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढले, एवढंच. चकत्यांना सॉस, कॉर्नफ्लॉवर, आल्याचा रस, चिमूटभर साखर आणि चमचाभर तेल चोळून ठेवलं. चोळताना एकदा थांबली, एक चकती बोटांत ताणून पाहिली. मी लसूण सोलायचं थांबले. मग तिने खांदे उडवले आणि पुढच्या कामाला लागली. तिला वाटलं असेल, नगरचं असंच असतं. तिने माझ्यावर शंका घेतली नाही, आणि त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.

कढईतून धूर निघायला लागल्यावर तिने मांस टाकलं, मिनिटभर हलवून काढलं. मग लसूण, आलं, ते काळे दाणे. कुजल्यासारखा आणि तरी तोंडाला पाणी सुटेल असा एक वास घरभर झाला. मग कारलं. मग मांस परत. पाण्याचा एक हबका, वाफेचा लोट, आणि झालं. मी घड्याळ पाहिलं, सगळं मिळून सहा मिनिटं. माझ्या कुकरची पहिली शिट्टीही एवढ्यात होत नाही. कारली हिरवीगार, मांसावर काळी चकाकी. दिसायला इतकं देखणं पान आमच्या घरात कधी वाढलं गेलं नसेल. तिने ते मधे ठेवलं, गोल टेबल नाही म्हणून पाटावर, आणि म्हणाली, आज सगळ्यांनी एकाच भांड्यातून.

प्रार्थना झाली. बाबांनी पहिला घास घेतला.

चावणारा माणूस कधी तुम्ही नीट पाहिलाय का, मला माहीत नाही. मी त्या दिवशी पाहिला. जबडा चालतोय, गालाचा उंचवटा इकडून तिकडे जातोय, डोळे समोर भिंतीवर. बराच वेळ. मग गिळण्याचा प्रयत्न, पाण्याचा घोट. म्हणाले, “झ्याक झालंय, रूथे.” दुसरा घास. ह्यांनी एक चकती तोंडात टाकली, चावली, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने ताटाच्या कडेला काढून ठेवली. रूथने खाल्लं. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. ती म्हणाली, बाबा, नका खाऊ, नुसतं कारलं घ्या. बाबा म्हणाले, खातो की, वेळ लागंल जरा, मला कुठं घंटा द्यायची हाय.

पाचव्या की सहाव्या घासाला त्यांनी हात तोंडाशी नेला. खालची कवळी सरकली होती. चुळीच्या पाण्यात लाल धागा. त्यांनी दोन्ही कवळ्या काढल्या आणि पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. गाल आत गेले. आमचे नेहमीचे बाबा परत आले.

तरी त्यांनी कारलं संपवलं. हिरड्यांनी. मांसाच्या चकत्या बोटाने बाजूला करून, त्यांच्यावरचा रस पुसून, एकेक फोड.

मी उठले आणि त्यांच्यासाठी दूध-भाकरी कुस्करून आणली. तयारच होती. होय, मी ती सकाळीच करून झाकून ठेवली होती. तेही लिहून टाकते.

जेवणं झाल्यावर रूथ मोरीत बसून कढई घासत होती. नारळाच्या शेंडीने, राख लावून, घासलेलीच परत घासत होती. मी शेजारी उभी. मान वर न करता ती म्हणाली, “एक साधं जेवण मला जमलं नाही. हिरडी फाडली मी त्यांची. मी कुठली सांभाळणार त्यांना, ताई. तूच कर. तुलाच येतं ते.”

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी तिला हात पुसायला टॉवेल दिला.

तिने बाबांना काही विचारलं नाही. चारच्या गाडीने गेली. डबा देऊ का म्हटलं तर नको म्हणाली. पाऊस नेमका तेव्हाच सुरू झाला आणि तिच्याकडे छत्री नव्हती. हे तिला सोडायला गेले, आमची छत्री देऊन आले.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. कुंपणाजवळ पाणी साचलं होतं. मी चहा नेऊन दिला. ते बिनदातांच्या, मऊ आवाजात म्हणाले, “खाटकानं फशिवलं का?”

मी म्हटलं, “हो.”

ते कपात बघत राहिले. “तुला?” म्हणाले.

फक्त एवढंच. त्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून बाजार केलेला. कोणत्या अंगाचं मांस कोणतं, हे त्यांच्या हिरड्यांनासुद्धा कळलं असणार. त्यांनी चहा संपवला. कपाला हात लावून तो कपाळाला लावला.

त्यानंतर चार भाद्रपद गेले. बाबा माझ्याकडेच राहिले. कवळी ते फक्त उपासनेला लावतात, घरी आले की पेल्यात. रूथने दोन-तीनदा सुचवलं, घासून सारखी करून देते, या. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, सुशी कुस्करून देती की. पेरू पुन्हा बंद झाला, फुटाणे बंद झाले. बोलणंही. मला माझी दूध-भाकरी परत मिळाली, माझं घोटणं, माझं उकलणं, कुणाला करू न देणं. हवं होतं तेच सगळं.

आणि तरी मत्सर गेला नाही. उलट, आता त्याला हात घालायला काही उरलं नाही. रूथने पुढे काही मागितलं नाही, भांडली नाही. ती येते, त्यांच्याजवळ बसते, नखं कापून देते, जाते. पण रविवारी ऑफिसातला फोन वाजला की बाबांचं डोकं त्या दिशेला वळतं. मी त्यांच्यासमोर असते, हातात वाटी घेऊन असते, आणि ते तिकडे बघतात. जिंकून घेतलेलं माणूस घरात ठेवता येतं, पण ते कुठे बघतं ते ठरवता येत नाही. कधी मला वाटतं, ते राहिले ते माझी करणी ओळखूनच राहिले. इतकं करणारीला सोडून जाऊ नये म्हणून. दयेने. हे मनात आलं की मी लगेच काहीतरी काम काढते. कोठी आवरते. मुलींच्या गाद्या उन्हात घालते.

गेल्या बुधवारी वेलावरची कारली उतरवली. तेरा निघाली. टोपली ओट्यावर ठेवून ऑफिसात आले आणि तेवढ्यात रूथचा फोन, सहजच, बाबांचा खोकला कसाय विचारायला. मी म्हटलं बरा आहे. आणि मग, कसलीही तयारी न करता, कुठेही लिहून न काढता, मी तिला सांगितलं. हमीदचाचांनी बांधून ठेवलेलं पुडकं. मांडीचं. चकत्या. सगळं.

फोनमध्ये दवाखान्याचे आवाज येत होते. कुणीतरी चूळ भरत होतं.

“अंडरकट होतं त्यांच्याकडे?” तिने विचारलं.

“होतं.”

“मी त्या दिवसापासून ते केलं नाही, ताई. चार वर्षं. डॉक्टरीणबाई विचारतात तर सांगते, वडलांना नाही आवडलं.” तिचा आवाज रडका नव्हता. मला तो ओळखीचा वाटला. यादी वाचताना माझा असतो तसा होता. “बाबांना पाठव. नाताळापर्यंत माझ्याकडे राहतील. कवळी नवी करायचीय. पुढचं पुढे त्यांना विचारू, त्यांनाच. आणि ह्या वेळी तुझी हरकत आहे का, ते मी विचारत नाहीये.”

मी बाबांना सांगितलं. रूथने बोलावलंय, नाताळापर्यंत. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, तिकडे कुठे नाही, माझ्याकडे. मग म्हणाले, “बरं.” आणि उठून स्वतःची चप्पल पुसायला लागले.

ह्यांना सगळं कळल्यावर ते एवढंच म्हणाले की बोलून बरं केलंस. मला बरं वगैरे वाटत नाही. मला आत्तापासून ते जेवण दिसतंय. कॅम्पातल्या दोन खोल्या, कढईतून निघणारा धूर, नवे दात. पट्टी योग्य असेल, दोन मिनिटांत शिजेल. बाबा चावतील, गिळतील आणि आणखी मागतील. त्यांनी मागितलेलं रूथ ऐकेल, मी नाही. आणि त्यांना वाढायला ती उठली की ते पुन्हा काहीतरी बोलतील, लांबलचक, मजेचं, जे मला सांगायला त्या घरातून कुणी येणार नाही.

परवा शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघायचं ठरलंय. यादी कालच केली. खोकल्याचं औषध, रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, तीन धोतरं, कानटोपी, स्वेटर, पुण्यात संध्याकाळी गार असतं, मोठ्या अक्षरांचं बायबल, चष्म्याचं घर, भाकरी कशी कुस्करायची ते रूथसाठी एका चिठ्ठीवर. चिठ्ठी लिहून फाडली. बाकी सगळं कपाटातून काढून त्यांच्या कॉटवर ओळीने मांडून ठेवलंय. बॅग उघडून शेजारी ठेवलीय, चेन नीट चालते का पाहिलंय. बाबा अंघोळ करून तिथेच खुर्चीवर बसलेत, कालपासून दुसऱ्यांदा विचारलं त्यांनी, भरली का गं. मी म्हटलं, भरते, हात मोकळे झाले की.

हात सकाळपासून मोकळेच आहेत. बॅग अजून भरायची आहे.